पहिल्या बाळालाही कावीळ का झाली?

आपली प्रतिक्रिया दोनदा वाचली. आईचा रक्तगट ओ पॉझिटिव्ह, पहिल्याच बाळाचा बी पॉझिटिव्ह, आणि १८ तासांतच ते पिवळे दिसू लागल्याने त्याला निळ्या प्रकाशाखाली ठेवले गेले. 'रक्तगट न जुळल्याचा त्रास पहिल्या बाळाला होत नाही' असे मीच मूळ लेखात लिहिले असल्यामुळे हा उपचार अनावश्यक होता, कोवळे ऊन पुरले असते, असे आपले म्हणणे आहे. ते मला पटत नाही, मात्र त्याला माझे अर्धवट वाक्यच कारणीभूत आहे, हे मान्य करतो.

ते वाक्य आरएच घटकापुरते, म्हणजे रक्तगटातल्या पॉझिटिव्ह-निगेटिव्हपुरते, खरे आहे, तेही बहुतांशी. आरएच निगेटिव्ह आईच्या शरीरात प्रतिपिंडे (परक्या पेशींवर हल्ला करणारी प्रथिने) तयार होण्यासाठी बाळाचे पॉझिटिव्ह रक्त तिच्या रक्तात मिसळावे लागते आणि ते बहुधा प्रसूतीच्या वेळी घडते, म्हणून पहिले बाळ सहसा सुटते. ओ गटाच्या आईच्या रक्तात मात्र ए आणि बी यांच्याविरुद्धची प्रतिपिंडे तिच्या लहानपणापासूनच असतात आणि त्यांतली काही वार (प्लॅसेंटा) ओलांडून बाळापर्यंत पोहोचतात. गर्भाच्या तांबड्या पेशींवर ए-बीच्या खुणा विरळ असल्याने बहुतेक बाळांना फारसे काही होत नाही. काहींच्या पेशी मात्र भराभर फुटतात आणि त्यांतून तयार होणाऱ्या बिलिरुबिन या पिवळ्या द्रव्यामुळे कावीळ होते. बाळाच्या पेशींना आईची प्रतिपिंडे चिकटली आहेत का हे पाहणारी कूम्ब्ज चाचणी निगेटिव्ह आली म्हणून ही शक्यता संपत नाही.

नेहमीची कावीळ दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी दिसते. पहिल्या २४ तासांतली कावीळ साधी धरायची नसते, कारण बिलिरुबिन फार वाढून मेंदूत शिरले तर ऐकण्याची आणि हालचालींची कायमची हानी होऊ शकते.

उन्हाचा मुद्दा अगदीच पोकळ नाही. प्रकाशोपचाराचा शोधच १९५६ साली इंग्लंडमधील रॉचफर्ड येथील रुग्णालयात उन्हातून लागला: बाळांना उन्हात नेणाऱ्या परिचारिकेने दाखवलेल्या एका बाळाच्या अंगावरचा, चादरीच्या टोकाखाली झाकलेला त्रिकोण तेवढा पिवळा राहिला होता. परंतु उन्हाची मात्रा मोजता येत नाही आणि उघडे बाळ त्यात भाजते किंवा गारठते; दिव्याचा ठरावीक निळा प्रकाश मात्र डोळे झाकून तासन् तास देता येतो.

पुढच्या बाळाचा गट ए किंवा बी असल्यास असेच पुन्हा घडू शकते. आरएच निगेटिव्ह आईला देतात ते अँटी-डीचे इंजेक्शन यात उपयोगी नाही, तेव्हा पहिल्याच दिवशी बिलिरुबिन तपासण्याविषयी डॉक्टरांशी आधीच बोलून ठेवावे. मूळ लेखातले ते वाक्य मी आजच दुरुस्त करत आहे.