‘भूगोलाआड लपणे’ : एका प्रतिक्रियेला उत्तर

आपली प्रतिक्रिया मी दोनदा वाचली, कारण पहिल्या वाचनात तिच्यातील मुद्द्याकडे नव्हे, तर तिच्या सुराकडेच लक्ष जात होते. मराठवाड्यातील आणि पुण्यातील वागण्याच्या रीती वेगळ्या का झाल्या, हा माझ्या लेखाचा विषय होता; त्या त्या भागातील परिस्थितीने त्या घडवल्या, हे माझे म्हणणे. त्यावर आपण लिहिता, ‘‘माणसावर संस्कार नसले की तो भूगोलाआड लपतो.’’ असहमतीला माझी हरकत नाही. परंतु ज्याला आपण कधी भेटलाही नाहीत, त्याच्या घरच्या संस्कारांचा निवाडा एका ओळीत करण्याचा अधिकार आपल्याला कोणी दिला?

एक गोष्ट मान्य करतो. मराठवाडा एकजिनसी नाही. छत्रपती संभाजीनगरातील नोकरदार कुटुंब आणि लातूर जिल्ह्याच्या औसा तालुक्यातील शेतकऱ्याचे घर यांच्या रीती सारख्या नसतात, आणि लेखात हे एखाद्या वाक्यात सांगता आले असते. त्याने मूळ म्हणण्याला काडीचीही बाधा येत नाही.

आता संस्कारांविषयी. मी औशाकडच्या एका खेड्यात वाढलो. तेथे एसटी सकाळी एक आणि संध्याकाळी एक येत असे, त्यामुळे आलेला पाहुणा मनात असले तरी दुपारी परत जाऊ शकत नसे आणि जेवणार का, असे त्याला कोणी विचारतही नसे; सरळ ताट वाढले जाई. आगाऊ निरोप धाडणे मात्र परकेपणाचे मानले जाई, कारण निरोप आला की माझ्या आईला शेजारून साखर नाहीतर तूप उसने आणावे लागे. न कळवता येणाऱ्याला भाकरी आणि ठेचा चालत असे. हाच पाहुणा पुण्यात, पती-पत्नी दोघेही नोकरी करणाऱ्या घरी, न कळवता दारात उभा राहिला की असभ्य ठरतो. एका रात्रीच्या प्रवासात त्याचे संस्कार नेमके कोठे गळून पडले, हे आपणच सांगावे.

माझ्या आजोबांचे शिक्षण निजामाच्या राजवटीत, म्हणजे १९४८ च्या आधी, उर्दूतून झाले होते. त्या काळचा दरबारी अदब त्यांच्या बोलण्यात शेवटपर्यंत राहिला आणि कोणाला तोंडावर नकार देणे त्यांना कधी जमले नाही. ‘‘बघू, होऊन जाईल,’’ असे ते म्हणाले की काम होणार नाही, हे गावातल्या पोरांनाही कळत असे. पुण्यात शिकायला आल्यावर मी घरमालकांना तेच उत्तर दिले; त्यांनी ते वचन समजून माझी वाट पाहिली आणि पुढे वर्षभर मला खोटारडा मानले. मीही त्यांच्या सडेतोड ‘नाही’ला उर्मटपणा मानत होतो. आम्हा दोघांपैकी असंस्कृत कोण होते?

माझा खोलीतला सोबती रत्नागिरीकडचा होता. रोज सकाळी तो रात्रीचे तांब्यातले पाणी शिळे झाले म्हणून ओतून देई आणि ताजे भरी. त्याच्या जिल्ह्यात वर्षाला तीन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस पडतो. आमच्याकडे सातशे-आठशे, तोही लहरीप्रमाणे. मी त्याला माजोरडा समजत होतो आणि तो मला कंजूष. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने लातूरला पाणी आले, पहिल्या खेपेला दहा वाघिणींतून सुमारे पाच लाख लिटर, तेव्हा त्याने आपण होऊन मला फोन केला. तांब्याचा विषय आम्हा दोघांपैकी कोणीच काढला नाही.

वागण्यातला खरा फरक जातीचा आणि वर्गाचा असतो, हा आपला दुसरा मुद्दा. त्यावर स्वतंत्र लेख लागेल. येथे त्यात शिरत नाही. मी गाव सोडून पुण्यात स्थायिक झालो असल्यामुळे मला बोलण्याचा हक्क उरत नाही, हा तिसरा मुद्दा उत्तर देण्याच्या लायकीचा नाही. मोबाइल घरोघरी पोहोचल्यामुळे हे फरक पुसले गेले, असेही आपण म्हणता. माझा चुलतभाऊ आजही फोन करतो तो हडपसरला उतरल्यानंतर, आणि तोही इमारतीचे नाव विचारण्यापुरता.