अकरा महिन्यांचं ॲग्रीमेंट आणि माझं ‘कच्चं’ इंग्रजी

आज परत तेच झालं आणि आज माझं डोकं खरंच फिरलंय.

लिव्ह अँड लायसन्सचं साधं ॲग्रीमेंट. वन बीएचके, अकरा महिने. डिपॉझिटच्या कलमात मी लिहिलं होतं, ‘द लायसन्सर मस्ट रिफंड द डिपॉझिट ऑन द डे द लायसन्सी हँड्स ओव्हर द कीज.’ म्हणजे भाडेकरूने ज्या दिवशी चावी दिली, त्याच दिवशी घरमालकाने पैसे परत द्यायचे. आमच्या ऑफिसच्या सरांनी ते लाल पेनाने आडवं खोडलं आणि जुन्या फाइलीतला नऊ ओळींचा परिच्छेद तिथे टाकला. ‘हिअरइनबिफोर’, ‘देअरऑफ’, ‘सब्जेक्ट टू डिडक्शन्स, इफ एनी’. नऊ ओळींत एक पूर्णविराम नाही. वर सगळ्या ऑफिससमोर शेरा मारला: मराठी मीडियमची ना, ड्राफ्टिंगचं इंग्रजी कच्चं आहे.

कच्चं? मांडीवर डिक्शनरी घेऊन, रात्र रात्र बसून कमावलंय मी हे इंग्रजी. वाक्यात कर्ता कुठे, क्रियापद कुठे, हे मला शोधून शोधून शिकावं लागलं. म्हणून माझ्या वाक्यात ते दिसतं तरी! त्या नऊ ओळींत ‘शॅल बी रिफंडेड’ आहे. अहो, पण देणार कोण? कधी? ‘विदिन अ रीझनेबल टाइम’ म्हणजे किती दिवस? आणि डिडक्शन किती, ते ठरवणार कोण?

राहायला येणारी मुलगी समोरच बसली होती. नर्स आहे, नुकतीच नोकरीला लागलीये. तिने विचारलं, “सर, म्हणजे चावी दिल्यावर लगेच मिळणार की नंतर?” सरांनी तोच परिच्छेद तिला पुन्हा वाचून दाखवला, इंग्रजीतच, आणि म्हणाले, “स्टँडर्ड क्लॉज आहे, काळजी करू नका.” ती गप्प बसली. तिला वाटलं, आपल्यालाच कळत नाहीये. मला ते बघवलं नाही.

कायद्याची भाषा अशीच असते म्हणे. साफ खोटं. १८७२ चा करार कायदा उघडा. कलम १३: दोघांनी एकच गोष्ट एकाच अर्थाने मान्य केली, तर ती संमती. कलम २९: अर्थ निश्चित नाही आणि निश्चित करताही येत नाही, तो करार रद्दबातल. खाली उदाहरण आहे. ‘अ’ने ‘ब’ला शंभर टन तेल विकायचं कबूल केलं, कुठलं तेल, ते कळायला काहीच मार्ग नाही, करार रद्द. शाळेतलं पोरही समजेल असं इंग्रजी आहे ते. आणि ज्या इंग्लंडची नक्कल आपण अजून करतोय, तिथे २०१५ च्या ग्राहक हक्क कायद्याचं कलम ६८ सांगतं की ग्राहकाशी केलेल्या लेखी कराराच्या अटी साध्या, समजेल अशा भाषेत हव्यात.

उद्या सकाळी रजिस्ट्रेशनसाठी माणूस तिचा अंगठा घ्यायला जाणार आहे. माझं खोडलेलं वाक्य मी परत टाइप केलंय, खाली कलम २९ लिहिलंय आणि सरांच्या टेबलावर ठेवून आलेय. खोडायचं असेल तर आधी त्या मुलीला नऊ ओळींचा अर्थ मराठीत सांगा.