अनोळखी बडीपेक्षा एकटं बरं?

स्कूबा डायव्हिंग, म्हणजे पाठीवर हवेची टाकी घेऊन पाण्याखाली उतरणाऱ्यांमध्ये एक मजकूर बराच फिरतोय: 'अनुभवी डायव्हरने अनोळखी बडीबरोबर उतरण्यापेक्षा एकट्याने उतरणं जास्त सुरक्षित.' बडी म्हणजे पाण्याखालचा जोडीदार. मजकुरात चार कारणं दिली आहेत. तो वाचून नवे डायव्हर एकटे उतरायची भाषा करू लागलेत, म्हणून हे लिहितोय.

'मरण पावलेल्यांपैकी बहुतेकांबरोबर बडी होताच, मग त्याचा उपयोग काय?' हे पहिलं कारण. पण बहुतेक लोक जोडीनेच उतरतात, त्यामुळे अपघातांच्या यादीतही जोड्याच जास्त दिसणार. शिवाय त्यातल्या कितीतरी जणांची ऐनवेळी जोडीदाराशी ताटातूट झालेली असते. बोटीवरच्या वहीत नावं दोन, पाण्याखाली मात्र माणूस एकटा. असे मृत्यू जोडीच्या खात्यावर मांडणं चूक आहे.

दुसरं, 'वेगळ्या रेग्युलेटरची जादा टाकी घेतली की बडी लागत नाही.' रेग्युलेटर म्हणजे टाकीतली हवा तोंडात पोचवणारं उपकरण. ही जादा टाकी जीव वाचवते, यात वाद नाही. ३० मीटरवर दाब पृष्ठभागाच्या चौपट असतो, म्हणून हवाही चौपट वेगाने संपते. मी स्वतः जादा टाकी नेतो. पण तिच्याने सुटतो तो फक्त हवेचा प्रश्न. डायव्हिंगच्या सुरक्षिततेवर काम करणाऱ्या डायव्हर्स अलर्ट नेटवर्क या संस्थेच्या संशोधकांनी २००८ मध्ये ९४७ मृत्यूंचा अभ्यास प्रसिद्ध केला. ज्यांच्या बाबतीत मुख्य शारीरिक कारण ओळखता आलं, त्यांपैकी २६ टक्के घटना हृदयाच्या होत्या. छातीत कळ येऊन हात गळाले तर दुसरा रेग्युलेटर तोंडात कोण धरणार? शुद्ध हरपली तर वर कोण आणणार? बडी असला म्हणजे माणूस वाचतोच असं नाही. पण कुणीच नसेल तर प्रयत्नसुद्धा होत नाही.

खोल पाण्यातल्या दाबाखाली श्वासातल्या नायट्रोजनने चढणारी गुंगीही तशीच, जादा टाकीने न सुटणारी. साधारण ३० मीटरच्या आसपास ती जाणवू लागते, आणि ज्याला चढते त्याला बहुतेकदा पत्ता नसतो. गेजवरचा आकडा दिसतो, डोक्यात शिरत नाही. आपण खुणेला उशिरा उत्तर देतोय हे शेजारच्याला दिसतं. तो 'वर चल' अशी खूण करतो आणि काही मीटर वर आलं की डोकं ताळ्यावर येतं.

एकदा १८ मीटरवर माझ्या टाकीच्या व्हॉल्व्हला मासेमारीची तंगूस अडकली. मला फक्त एवढंच कळत होतं की पुढे सरकता येत नाहीये. चाकू माझ्याकडेही होता, पण ती होती पाठीमागे, हात न पोचणाऱ्या जागी. बडीने अर्ध्या मिनिटात कापून काढली. त्या दिवशी सकाळीच आमची ओळख झाली होती.

'अनोळखी बडी म्हणजे ओझं', या तिसऱ्या कारणात मात्र बरंच तथ्य आहे. घाबरलेला माणूस दुसऱ्याच्या तोंडातला रेग्युलेटर ओढतो. मागे वळूनही न बघणारा बडी फक्त नावाला असतो. पण मजकूर तुलना करतो ती सगळ्यात वाईट बडीची आणि सगळ्यात तयार एकट्या डायव्हरची. बोटीवर दहा मिनिटं काढून शेवटचा डाइव्ह कधी झाला ते विचारा, एकमेकांचं सामान तपासा, खुणा पक्क्या करा, किती हवा उरल्यावर परतायचं ते ठरवा. एवढ्यावरही विश्वास बसला नाही तर बडी बदलून मागा, नाहीतर त्या दिवशी उतरू नका. हा पर्याय त्या मजकुरात कुठेच नाही, याचा मला राग येतो.

राहिला चौथा मुद्दा: 'संस्था स्वतःच एकट्याने डायव्हिंग शिकवतात.' शिकवतात खऱ्या. पण एसडीआय या डायव्हिंग शिकवणाऱ्या संस्थेच्या सोलो (एकट्याने उतरण्याच्या) कोर्सला किमान २१ वर्षं वय आणि नोंदलेले १०० डाइव्ह लागतात, शिवाय हवेचा स्वतंत्र जादा साठा सक्तीचा. एकट्याने उतरणाऱ्याचा धोका कमी करण्यासाठी तो कोर्स आहे. जोडीपेक्षा एकटं सुरक्षित, असा त्याचा अर्थ होत नाही.

आणि बडी असेल तर तो किती अंतरावर, हेही बघा. पोहण्याच्या तलावात, रेग्युलेटर तोंडातच ठेवून, श्वास पूर्ण सोडा आणि नवा न घेता आडवं पोहत बडीपर्यंत जाऊन बघा. जिथे दम संपेल, त्याच्या पलीकडे असलेला बडी तुम्हाला हवा द्यायला वेळेत मिळणार नाही.