भरीत भाजतो, मग मासा तळायचाच कशाला?

अण्णांचे रक्ताचे रिपोर्ट आले आणि डॉक्टरांनी तळलेलं बंद करायला सांगितलं. घरात पहिला प्रश्न निघाला तो रविवारच्या माशाचा. आम्ही भुसावळचे, अण्णा रेल्वेतून रिटायर झालेले. रविवारी शेंगदाणा तेलात तळलेला मासा हे आमच्याकडे वर्षानुवर्षं ठरलेलं. कोणी म्हणालं, आता उकडून द्या. पथ्याचं म्हटलं की बेचवच असणार, हे आपण का धरून बसलोय? मला याचा खरंच राग येतो.

अहो, आपण खानदेशातली माणसं. भरताचं वांगं आपण काड्यांच्या जाळावर भाजतो. फोडणीला तेल लागतं, मान्य, पण चव येते ती त्या जाळाची. मग एकटा मासाच तेलात बुडवायचा हट्ट कशासाठी? माझ्या मुलाला बाहेरचं फिश सँडविच फार आवडतं. म्हटलं, आजोबा आणि नातू दोघांनाही चालेल असं घरीच करू, ओव्हनमध्ये.

पहिल्यांदा फसलं. वरचं आवरण पांढरंफटक आणि खालून चिखल. चूक माझीच होती. मासा ओला होता आणि चुरा कच्चाच लावला होता. तळताना तेल दोन्ही गोष्टी सांभाळून घेतं, ओव्हन घेत नाही.

आता मी काय करते ते सांगते. आधी मासा. रोहू आणायचा नाही. चवीला छान आहे, पण त्याच्या मांसात बारीक दुफाटे काटे असतात आणि सँडविचमध्ये ते दिसत नाहीत. ताटात माणूस काटा काढत खातो, पावात तोंडात जाईपर्यंत कळत नाही. मरळ मिळाली तर सोनं, काटे कमी आणि मांस घट्ट. हवेत श्वास घेणारा मासा असल्यामुळे बाजारात टोपात जिवंत दिसतो. महाग पडते म्हणून बरेचदा मी चिलापी (तिलापिया) घेते. दोन्ही बाजूंचे तुकडे सोलून काढून घ्यायचे आणि तरीही मधून एकदा बोट फिरवायचंच.

तुकडे जुन्या सुती पंचात दाबून अगदी कोरडे करायचे. मीठ, हळद, लसूण, लिंबू, थोडा काळा मसाला. चुऱ्यासाठी मी ब्रेड आणत नाही. आदल्या दिवशीची दादरची, म्हणजे आमच्याकडच्या ज्वारीची, भाकरी कडक वाळवून खलबत्त्यात जाडसर कुटते. मग तो चुरा एक मोठा चमचा तेलावर बदामी होईपर्यंत परतायचा. हे सगळ्यात महत्त्वाचं आहे! रंग आणि कुरकुरीतपणा इथेच येतो, ओव्हनमध्ये येत नाही. माशाला दह्याचा पातळ हात लावायचा, वरून चुरा दाबायचा आणि तुकडे ट्रेमध्ये न ठेवता जाळीवर ठेवायचे, म्हणजे वाफ खालून निघून जाते. ओव्हन आधी तापवून 200 अंशांवर 12 ते 15 मिनिटं. सुरीच्या टोकाने मांस पापुद्र्यासारखं सुटलं की झालं. त्यापुढे ठेवलं तर मासा कोरडा पडतो.

चार जणांसाठी तेल लागलं एक मोठा चमचा, म्हणजे साधारण 120 कॅलरी. तेवढ्या चार तळलेल्या तुकड्यांनी किती तेल पिलं असतं, याचा अंदाज कढई उपसणाऱ्या बाईला असतोच.

पण मासा भाजला आणि वर मेयोनेज थापलं तर सगळं पाण्यात. मेयोनेज म्हणजे मुख्यतः तेलच. त्याऐवजी दही फडक्यात तीन-चार तास टांगायचं, त्या चक्क्यात कोथिंबीर, हिरवी मिरची आणि लसूण वाटून घालायचं. आमच्याकडे मुलालाही हेच जास्त आवडलं. ब्रेड घेताना रंगाला भुलू नका, पाकिटाच्या मागे बघा. घटक प्रमाणाच्या उतरत्या क्रमाने लिहिलेले असतात. पहिलं नाव मैद्याचं असेल तर तो तपकिरी ब्रेडही मैद्याचाच. मध्ये कांदा, काकडी, बारीक चिरलेली कोबी, भरपूर.

ओव्हन नसेल तर? आपल्याकडे केळीच्या पानांना काय तोटा! चुरा न लावता मसाल्याचा मासा पानात गुंडाळायचा आणि मंद तव्यावर झाकण ठेवून दोन्ही बाजूंनी शेकायचा. कुरकुरीत होणार नाही, पण पानाचा वास उतरतो तो वेगळाच.

पहिल्या दिवशी अण्णांनी ब्रेड उचलून आतला मासा बोटांनी चाचपला. "काटा नाही ना गं यात?" मी म्हटलं, "नाही अण्णा, मी तीनदा बघितलं." त्यांनी एक घास घेतला, मग दुसरा. काही बोलले नाहीत. अर्धं संपल्यावर म्हणाले, "मिरची जरा वाढवली तरी चालेल."

या रविवारसाठी मरळ सांगून ठेवली आहे.