ड्रिलिंगची गरज नाही

कॅम्पर व्हॅनला, म्हणजे आत राहायची सोय केलेल्या व्हॅनला, दाराखाली चढायच्या पायरीसारखे फूटबोर्ड लावायचे असतील तर सोबत येणारा कागद आधी नीट पाहून घ्यावा. त्यातल्या चित्रात व्हॅन असते, पण नुसत्या रेघांची. खाली एक सरळ पट्टी, तिला गोल गोल भोकं, आणि बाणाच्या दिशेने आज्ञाधारकपणे वर चढणारे बोल्ट. चिखल नाही, वायर नाही, गंज नाही. शेजारी घड्याळाचं चित्र आणि ‘पाऊण तास’. त्याखाली ठळक अक्षरांत, ‘ड्रिलिंगची गरज नाही’. हे वाक्य खोटं नाही, मी शपथेवर सांगतो. ड्रिलिंगची गरज पडली नाही. बाकी सगळ्याची पडली.

फूटबोर्ड हवा होता आईसाठी. आमच्या व्हॅनचं तळघर राहू दे, तळच तिच्या गुडघ्यांना परवडत नाही. ती चढते, पण चढताना देवाचं नाव घेते आणि ही व्हॅन घ्यायची कल्पना ज्याच्या डोक्यातून निघाली त्याचंही घेते. ते डोकं माझंच. “चार नट-बोल्टांचं काम, त्यासाठी मेकॅनिक कशाला?” असं मी बायकोला म्हणालो. ती काही बोलली नाही. फक्त टाकाऊ चादर शोधायला आत गेली.

साध्या व्हॅनखाली सायलेन्सरचा पाइप, ब्रेकच्या नळ्या, असा मोजका संसार असतो. कॅम्परचं तसं नाही. आत सिंक आहे म्हणजे खाली सांडपाण्याची टाकी आली. टाकी आली की तिचा नळ आला. रात्री ऊब हवी म्हणून डिझेलचा हीटर, त्याची धूर सोडणारी बारीक नळी, हवा ओढणारी दुसरी नळी. शिवाय जादा बॅटरीच्या वायरी, प्लास्टिकच्या पट्ट्यांनी जिथे जागा मिळेल तिथे बांधलेल्या. गाडी बनवणाऱ्याने दाराखालच्या पत्र्यात भोकं ठेवली, आत आटे पाडले, वर रबरी बुचं बसवली. फूटबोर्ड बनवणाऱ्याने ती भोकं मोजून आपले ब्रॅकेट, म्हणजे फूटबोर्ड धरून ठेवणारे आधार, बेतले. इथवर सगळे शहाणे. पण या दोघांच्या मधे ज्याने व्हॅनचं घर केलं, त्याला भोकांशी काही देणंघेणं नव्हतं. त्याला सांडपाण्याचा नळ बसवायचा होता, आणि त्याने तो बसवला. बरोबर दुसऱ्या ब्रॅकेटच्या जागी.

नुसत्या जॅकवर तोललेल्या गाडीखाली शिरायचं नाही, हा नियम मी कुणाच्याही आग्रहाला बळी पडून मोडत नाही. कॅम्परला त्याची गरजही पडत नाही. ती मुळातच इतकी उंच असते की चाकांना ठोकळे लावले, हँडब्रेक ओढला, की माणूस आडवा होऊन आत सरकतो. उंच आहे म्हणूनच तर हा खटाटोप.

आत सरकल्यावर कळलं की मला काही दिसत नाही.

माझा चष्मा दुहेरी भिंगांचा. जवळचं पाहायचं ते खालच्या भिंगातून. आता तुम्ही उताणे पडला आहात, बोल्ट नाकापासून वीतभर वर आहे, आणि तो खालच्या भिंगात आणायचा तर हनुवटी उचलून डोकं मागे टाकायला हवं. मागे जमीन असते. जमीन हटत नाही. मी हनुवटी इतकी वर नेली की बोल्ट दिसेना, पण मागचं चाक स्पष्ट दिसू लागलं. शेवटी चष्मा उलटा घातला. काड्यांची वाकडी टोकं आभाळाकडे, नाकावरच्या गाद्या भलतीकडे, पण बोल्टाचा आटा न् आटा दिसायला लागला. गंज डोळ्यांत पडू नये म्हणून वरून गॉगल चढवला. इतक्यात बायको चादर घेऊन वाकली.

“अहो, हे काय तोंड?”

“मला आता सगळं दिसतंय.”

“मलाही,” ती म्हणाली.

रबरी बूच स्क्रू-ड्रायव्हरने उचकटलं की आतून आधी माती येते, मग थोडं पाणी, मग गंजाचा भुगा. आट्यांवर गंज सोडवायचं तेल फवारायचं आणि ते मुरेपर्यंत थांबायचं. तेल मुरतं, पण आट्यांत कमी आणि कोपरापर्यंत बाहीत जास्त. कागदावरची ‘डावी बाजू’ ही चालकाच्या सीटवर बसलेल्या माणसाची डावी असते. पाय बाहेर आणि डोकं आत अशा अवस्थेतल्या माणसासाठी त्यांनी काही छापलेलं नाही.

सांडपाण्याच्या नळाकडे वळतो. त्याचा दांडा फिरवला की तो उघडतो. तो फिरवायला हातच लागतो असं नाही, कोपरानेही काम होतं. त्या पाण्यात आदल्या रात्रीची भांडी घासलेली होती. वर्णन लांबवत नाही. एवढंच सांगतो, की उलटा चष्मा आणि गॉगल या जोडीचा इतका चांगला उपयोग दुसऱ्या कुठल्याही प्रसंगात होणार नाही. नळाची क्लिप सैल करून, त्याला एक वाकडा जोड लावून तोंड मागे वळवलं, आणि ब्रॅकेटला जागा झाली. हीटरच्या धुराच्या नळीला मात्र हात लावला नाही. ती तापते, आणि तिचा धूर दाराखाली कोंडून चालत नाही. तिथे फूटबोर्डच पुढे सरकवायचा.

ही हालचाल पाहून शेजारचे काका आले. दुसऱ्याची गाडी उघडी दिसली की काही लोकांच्या हाताला खाज सुटते. “मशीन आणू का? एका मिनिटात आवळतो.” मी नको म्हणेपर्यंत मशीन आलंसुद्धा. आता स्टेनलेसच्या बोल्टावर स्टेनलेसचा नट कोरडा आणि वेगात फिरवला, तर आटे घासून एकमेकांत रुततात. मग तो नट पुढेही जात नाही आणि मागेही येत नाही. म्हणून आट्यांना ग्रीस लावून हातानेच फिरवायचा. हे मी काकांना गाडीखालून सांगत होतो, पण मशीनच्या आवाजात माझं बोलणं त्यांना प्रोत्साहन वाटलं. बोल्ट एका मिनिटात बसला, हे मान्य. काढायला ग्राइंडर लागला. तोही काकांनीच आणला, आणि वर ‘हल्लीच्या मालात दम नाही’ हा अभिप्राय दिला.

खरं तर फूटबोर्ड ही गाड्यांची जुनी हौस. 1908 ते 1927 पर्यंत निघालेल्या फोर्डच्या मॉडेल टीला तो होताच. लोक त्यावर पाय ठेवत आणि सामानही बांधत. पुढे गाड्या रुंद झाल्या आणि त्यांनी फूटबोर्ड पोटात घेतला. फोक्सवॅगनच्या जुन्या बीटलने तेवढा 2003 साली शेवटची गाडी निघेपर्यंत धरून ठेवला. म्हणजे जी वस्तू कारखाने फुकट बसवून देत होते, ती बसवायला आता माणूस स्वतः चिखलात झोपतो. याला हौस म्हणावं की सूड, मला ठरवता येत नाही.

खरी कसोटी फूटबोर्ड उचलून धरण्याची. तो अॅल्युमिनियमचा असतो, जड नसतो, पण लांब असतो. एक टोक जागेवर आलं की दुसरं रागावून निघून जातं. बायको बाहेरून धरून, मी आतून.

“जरा वर घे. वर म्हणजे तुझ्याकडे नाही, माझ्याकडे.”

“तुम्ही खाली आहात. तुमच्याकडे म्हणजे खाली.”

“मग खाली घे!”

“आता म्हणालात वर.”

पुढचा संवाद काकांना ऐकू गेला, त्यामुळे इथे देत नाही.

सगळे बोल्ट आधी बोटांनीच लावायचे, हा या कामातला एकमेव शहाणपणा. ब्रॅकेटची भोकं लांबट असतात ती फूटबोर्ड मागेपुढे करून रेघेत आणायला. पहिलाच बोल्ट उत्साहाने पिळला की शेवटचा आपल्या भोकाकडे तोंड फिरवून बसतो. सरकतं दार उघडून-मिटून पाहिलं, ते कुठे घासलं नाही. मग एकेक करत आवळले. आठ मिलिमीटरच्या बोल्टांना तेरा नंबरचा पाना आणि साधारण 25 न्यूटन-मीटर जोर. टॉर्कचा पाना, म्हणजे जोर मोजणारा पाना, ‘टक’ म्हणाला की हात काढून घ्यायचा, काका काहीही म्हणोत.

आईला बोलावलं. तिने पाय ठेवून पाहिला, हलवून पाहिला, मग वळली आणि सरळ त्यावर बसली. “छान आहे हो. बसायला अगदी बेताची उंची.” आत चढण्याचा विषय तिने काढलाच नाही. बायको दमली होती, ती शेजारी टेकली. मशीन आणि ग्राइंडर मांडीवर घेऊन काकाही बसले.

मी घाईघाईने कागद उघडून कमाल वजनाचा आकडा शोधला. चष्मा सरळ करून पुन्हा वाचला. पण तिघांसमोर तो मोठ्याने वाचायची माझी छाती झाली नाही.