कपाटाची किल्ली कोणाकडे?
मोबाइलमुळे मुलं वाचत नाहीत, असं सांगणारा लेख वाचला; ते म्हणणं मला अर्धंच पटलं. गुहागरकडच्या एका शाळेत मी विज्ञान शिकवायचो. पुस्तक हरवलं तर भरून कोण देणार, या भीतीनं आमचं ग्रंथालयाचं कपाट कायम कुलूपबंद. पावसाळ्यानंतर उघडलं की बुरशीचा वास आणि चिकटलेली पानं!

मग ग्रंथपाल बाई आल्या. त्यांनी सगळी पुस्तकं उन्हात मांडली, कसर झटकली, खाकी कव्हरं काढली. मुखपृष्ठच दिसत नसेल तर सहावीतलं पोर पुस्तकाला हात कशाला लावेल?

सातवीतला एक मुलगा, वडील ट्रॉलरवर. वाचनाच्या तासाला तो खिडकीबाहेर बघत बसे. बाईंनी त्याच्यापुढे माशांचं सचित्र पुस्तक ठेवलं. "यातले आपल्या बंदरात कुठले येतात, मला खुणा करून दे." आठवड्यानं पुस्तक चिठ्ठ्यांनी फुगून परत आलं. प्रत्येक चिठ्ठीवर गावातलं नाव: मुडदुशी, सौंदाळा, ढोमा. तेच पुस्तक मी पुढे वर्गात वापरलं. ग्रंथालयशास्त्रज्ञ रंगनाथन यांनी १९३१ साली मांडलेल्या ग्रंथालयाच्या पाच सूत्रांतलं 'प्रत्येक वाचकाला त्याचं पुस्तक' मला तेव्हा कळलं.

आम्हा शिक्षकांनाही त्या आधीच विचारायच्या, "सर, पुढच्या आठवड्यात काय घेताय?" की त्या विषयाची आठ-दहा पुस्तकं वर्गात हजर.

बाई निवृत्त झाल्या, जागा भरली नाही. आता १५ ऑक्टोबरला, वाचन प्रेरणा दिनाला, फोटोपुरतं कपाट उघडतात. लेखकानं मोबाइलइतकंच या रिकाम्या खुर्चीबद्दलही लिहावं, ही कळकळीची विनंती.