१८९ नंबरचा पत्ता

एखाद्या प्रथिनकुळातील भावंडांना एकमेकांपासून वेगळे करणारी नेमकी जागा संगणकाच्या साहाय्याने हुडकणे हा माझा व्यवसाय आहे, आणि त्या जागेचा क्रमांक चुकवणे हा जोडधंदा. ट्रिप्सिन आणि कायमोट्रिप्सिन ही आतड्यात प्रथिने कापणारी दोन भावंडे घेऊन मी प्रोग्रॅम लिहिला. युक्ती साधी होती: दोघांच्या गोतावळ्यातील अनुक्रम (म्हणजे साखळीत अमिनो आम्ले ज्या क्रमाने ओवलेली असतात तो क्रम) एकाखाली एक जुळवून मांडायचे आणि प्रत्येक उभ्या रांगेत कोणते अमिनो आम्ल किती वेळा येते ते मोजायचे. सर्वांत सारखी असलेली रांग या कामी निरुपयोगी. प्रत्यक्ष कात्री चालवणारे हिस्टिडीन, अ‍ॅस्पार्टिक आम्ल आणि सेरीन हे त्रिकूट दोन्ही घरांत असते, त्यामुळे ते कुलदैवतासारखे वंदनीय असले तरी कोण कुठल्या शाखेचा हे त्यावरून कळत नाही. हवी असते ती प्रत्येक शाखेत अढळ, पण दोन्ही शाखांत निरनिराळी अशी रांग.

एका बुधवारी रात्री साडेअकराला ती सापडली: गायीच्या ट्रिप्सिनमधील १७१वे अमिनो आम्ल. ट्रिप्सिनमध्ये तिथे अ‍ॅस्पार्टिक आम्ल, कायमोट्रिप्सिनमध्ये सेरीन. पाठ्यपुस्तकांत १८९ होते, १७१ कुठेच नव्हते. तेव्हा हा शोध माझाच, याबद्दल मला शंका उरली नाही. त्रिमितीय रचनेची फाइल उघडून १७१ क्रमांकावर गेलो, तर तिथे एक बिचारे अ‍ॅलनीन बसलेले. यावर कोणत्याही शहाण्या माणसाला जी शंका आली असती ती मला आली नाही. फाइलच चुकीची आहे असे ठरवून मी सकाळी पाव किलो पेढे घेऊन प्रयोगशाळेत गेलो.

मॅडमनी पेढा हातात घेतला, पण तोंडात घातला नाही.

“तुझे ते अ‍ॅस्पार्टिक आम्ल खोबणीच्या तळाशी बसून कापायच्या साखळीतल्या लायसीन-आर्जिनीन या अमिनो आम्लांना ओढून घेते का रे?”

“हो, मॅडम.”

“मग ते १८९च आहे. तू डोकी मोजलीस. फाइलमध्ये असतात ते घरनंबर.”

या कुळात नंबर देतात ते २४५ अमिनो आम्लांच्या कायमोट्रिप्सिनोजेनवरून, म्हणजे कायमोट्रिप्सिनच्या कामाला लागण्यापूर्वीच्या रूपावरून. तो घराण्याचा कर्ता पुरुष. त्याच्याशी जुळवून घेताना ट्रिप्सिनला थेट १६ पासून सुरुवात करावी लागते, पुढे ३५, ३६, ६८, १२६ आणि १३१ हे नंबर गाळावे लागतात, आणि जिथे एखादे आम्ल जास्तीचे निघते तिथे १८४ए, १८८ए अशी दारे काढावी लागतात. (पुण्याच्या पेठांत पत्ता शोधलेल्यांना यात नवल वाटू नये. रक्त गोठवणाऱ्या थ्रोम्बिन या याच कुळातल्या भावाने तर ६०च्या मागे ६०ए ते ६०आय अशी नऊ बिऱ्हाडे ठेवली आहेत.) हा सगळा हिशेब केला की १७१ बरोबर १८९ला येऊन मिळतो. ट्रिप्सिनोजेनच्या, म्हणजे ट्रिप्सिनच्या तशाच पूर्वरूपाच्या, सुरुवातीची सहा अमिनो आम्लेही धरली, तर तीच असामी १७७ होते, आणि जुन्या लेखनात ती त्याच नंबराने भेटते, हे मला पेढे आणण्यापूर्वी कोणी सांगितले नाही.

त्यातून जागा सापडली म्हणजे भेद सापडला असेही नाही. ट्रिप्सिनच्या १८९वर सेरीन बसवले तर कायमोट्रिप्सिन तयार होत नाही. एक कामचुकार विकर तेवढे हाती लागते. १९९२ साली हेडस्ट्रॉम, सिलाजी आणि रटर यांनी दाखवले की त्याबरोबर १८५ ते १८८ आणि २२१ ते २२५ ही साखळीची दोन वळणेही बदलावी लागतात, आणि गंमत अशी की ही वळणे कापल्या जाणाऱ्या साखळीला स्वतः स्पर्शही करत नाहीत. मॅडमच्या सांगण्यावरून मी आता तिकडे मोर्चा वळवला आहे. फाइल पुन्हा प्रोग्रॅमच्या हवाली केली, आणि १८८ए हा आकडा नव्हे असा आक्षेप घेऊन तो कालपासून त्याच दारात अडून बसला आहे.